उरलेला आवाज

मामांना गप्प बसलेलं मी फार कमी पाहिलं. जेवणाचा डबा उघडल्यापासून पहिला घास तोंडात जाईपर्यंत, एवढंच. त्यानंतर घास तोंडात असतानाही ते बोलत. हे मी वाढवून सांगत नाही. वसई पूर्वेच्या सातिवलीतल्या एका युनिटमध्ये तयार माल तपासून, मोजून गाडीत चढवण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. तिथे वाढवून सांगितलं की गाडी परत येते.

आमच्याकडे स्टीलच्या डब्यांची झाकणं बनत. पत्र्याच्या छपराखाली पॉवर प्रेसची रांग. प्रेस खाली आली की आवाज छपराला आपटून पुन्हा आपल्याच डोक्यावर येई. त्या गोंगाटात सगळे हातवाऱ्यांनी बोलत. मूठ दाखवली की मशीन थांबव, अंगठा तोंडाकडे नेला की चहा आलाय. मामा तिथे सुपरवायझर. मालकापासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. त्यांना हातवारे मंजूर नव्हते. "हात कामाला दिलेत. बोलायला तोंड आहे," असं म्हणून ते पहिल्या मशीनपाशी उभे राहत आणि शेवटच्या मशीनवरच्या माणसाला, त्याच्या मेव्हण्याचं लग्न ठरलं का, ते विचारत. गंमत म्हणजे त्याला ऐकू जाई. तो हातानेच 'नाही' म्हणे.

हा आवाज त्यांनी वाडीत कमावला होता. ते वसईच्या पश्चिमेकडच्या एका गावातले. घरची केळी, पानवेली, थोडी फुलं. लहानपणी वडील विहिरीच्या पंपापाशी आणि हे वाडीच्या दुसऱ्या टोकाला, पाटाचं पाणी वळवायला. पंपाच्या फटफटाटावरून वडील विचारत, पाणी पोचलं का, आणि हे ओरडून सांगत, पोचलं. घरात त्यांची बोली वेगळी होती. माझ्याशी बोलताना ते शाळेतली मराठी काढत आणि रागावले की आपल्या बोलीत परत जात. मला शब्द कळत नसत, राग कळे.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो एका शनिवारी. झाकणांचे गठ्ठे पुन्हा मोजत होतो. मामा मागे येऊन उभे राहिले.

"एकदा मोजलेत ना?"

"एकदा मोजलं की आकडा मिळतो, मामा. दुसऱ्यांदा तोच आला की खात्री."

"रविवारी काय करता?"

"घरीच असतो."

"म्हणजे काही करत नाही. उद्या सकाळी स्टेशनबाहेर पश्चिमेला उभे राहा, मी न्यायला येतो. आमच्या स्कोअररला कावीळ झालीये."

अशा रीतीने मी टेनिस बॉल क्रिकेटचा स्कोअरर झालो. त्या स्कोअररची कावीळ बरी झाली, पण माझी जागा गेली नाही, कारण मामांना माझी सवय लागली होती. नायगावपासून अर्नाळ्यापर्यंत गावोगावच्या स्पर्धांना मामांची कॉमेंट्री लागे. मोसमात एक रविवार मोकळा जात नसे. मैदानाच्या कडेला छोटा मंडप, एक टेबल, दोन खुर्च्या. एका खुर्चीत मी. दुसऱ्या खुर्चीच्या आसपास मामा.

ते खेळाडूंची नावं घेत नसत. कुणाचा मुलगा, कुणाचा भाचा, घर कुठल्या वळणावर, एवढं सांगितलं की ओळख पुरे, असं त्यांचं मत. "आता बॅटिंगला येतोय पोस्टासमोरच्या गिरणीवाल्यांचा धाकटा. दळण कधी वेळेवर मिळालं नाही, बघू या रन तरी वेळेवर काढतो का!" त्या धाकट्याने सिक्स मारला तर, "अरे बाबा! बॉल मारला नाही, भाडेकरू हाकलला! आता तो चिंचोटीचा धबधबा बघूनच परत येणार!" एकदा एका मुलाच्या हातून सोपा कॅच सुटला. मामा गरजले, "सुटला! आईने हातात दुधाचा पेला दिला तर तोही सांडणारा मुलगा हा!" त्याची आई समोरच प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. ती उठून उभी राहिली आणि मंडपाकडे बघून ओरडली, "नाही सांडत हो!" मामांनी लगेच माईकवरून सगळ्या मैदानासमोर शब्द मागे घेतला. "आईसाहेबांची हरकत मान्य. दूध सांडत नाही, फक्त कॅच सांडतो."

माझ्यावरही घसरत. बेरीज पुन्हा तपासायला मी जरा थांबलो की, "थांबा मंडळी, आमचे स्कोअरर विचारात पडलेत. भाजीवाल्याकडेही यांची दुसरी इनिंग होते." माझी बायको एकदा मॅच बघायला आली होती. सगळ्यात जास्त तीच हसली.

शेजारच्या खुर्चीतून मला मामांचं बोलणं ऐकू यायचं, तसंच ते घशाचे काय हाल करतात तेही दिसायचं. पहिल्या बॉलपासून शेवटच्या बॉलपर्यंत ते पाणी पीत नसत. नायगावच्या मिठागरांकडचा आमचा एक प्रेस ऑपरेटर कधी कधी बरोबर येई. तो बाटली पुढे करी, "मामा, पानी तरी घ्या." मामा माईकवर तळवा ठेवून सांगत, "पाणी प्यायलं की उठावं लागतं. उठलं की माईक दुसरा कोणी घेतो, आणि मग तो परत द्यायचं त्याच्या जिवावर येतं." चहाला मात्र ना नव्हती. कटिंगचे कागदी पेले एकात एक घालून टेबलाच्या कोपऱ्यात त्यांचा मनोरा वाढत जाई. घसा बसायला लागला की झणझणीत पुदिन्याची गोळी. प्रत्येक ओव्हरच्या आधी माईकसमोरच एक दणदणीत खाकरणं. ते इतकं ठरलेलं होतं की सीमारेषेवरचे फिल्डर त्यांच्याबरोबर खाकरत. त्यात मातीचं मैदान, उडणारी धूळ, दोन ओव्हरच्या मध्ये डीजेची गाणी आणि त्या गाण्यांच्याही वरून मामा. संध्याकाळी आयोजकांकडे पोटभर मटण आणि घरी गेल्यावर लगेच आडवं. छातीत जळजळतं म्हणून सोमवारी युनिटमध्ये सोडा पीत बसत.

सोमवारी त्यांचा आवाज बसलेला असे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सुरुवातीला तो मंगळवारी सुटायचा. पुढे बुधवार लागायला लागला. एका मोसमात गुरुवार दुपारपर्यंत मामा फाटक्या पिपाणीसारखे बोलताना मी ऐकले आणि न राहवून म्हणालो, "मामा, तुमचा आवाज परत यायचा दिवस पुढे पुढे सरकतोय. असंच चाललं तर एक रविवार पुढच्या रविवारला जाऊन भिडेल."

"तुम्ही माणसांचाही स्टॉक तपासता का?"

"तुमचा तपासतो."

ते थोडे चिडले. "वापरात आहे म्हणून आवाज आहे. ठेवून दिला तर गंजेल." एवढं बोलतानाच तीन वेळा आवाज तुटला. त्या आठवड्यात शनिवारीही तो नीट सुटला नाही, तेव्हा ते मुकाट माझ्याबरोबर वसई रोडला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे आले.

डॉक्टरांनी नळीचा कॅमेरा घशात घालून समोरच्या पडद्यावर दाखवलं. दोन पांढुरके पट्टे, आणि दोघांवर समोरासमोर एकेक बारीक गाठ. मामा बघतच राहिले.

"ही एवढीच जागा? मला वाटलं होतं, आत भोंगा असेल."

"कुदळ चालवून तळहाताला घट्टे पडतात ना, तसलं आहे हे," डॉक्टर म्हणाले. "तीन आठवडे बोलायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही. गाठी बसल्या तर ठीक. नाही तर ऑपरेशन. आणि त्यानंतर आवाज पूर्वीसारखा होईलच, असं मी लिहून देणार नाही."

जिना उतरताना मामा पायरीवर थांबले. त्यांच्या गावची स्पर्धा महिन्यावर आली होती. ती त्यांनीच चार मित्रांना घेऊन भातकापणीनंतरच्या रिकाम्या शेतात सुरू केली होती, आणि तेव्हापासून तिथे दुसऱ्या कोणाची कॉमेंट्री झालेली नव्हती. "बाकी गावांना नाही म्हणून सांगतो," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पण आपल्या मैदानावर दुसरा कोणी बोलणार आणि मी बघत बसणार? मग मी त्या गावात राहायचं कसं?"

मी म्हटलं, "आजपासून गप्प राहिलात तर जमेल."

आणि मामा त्या दिवसापासून गप्प राहिले, म्हणजे त्यांच्या समजुतीप्रमाणे राहिले. ते कुजबुजायला लागले.

कोणी आपल्याशी कुजबुजलं की आपणही कुजबुजतो. आठवडाभरात निम्मं युनिट कुजबुजत होतं. प्रेस धाडधाड चालू आणि दोन माणसं एकमेकांच्या कानाला लागून हळू आवाजात, 'पत्रा संपला' म्हणून सांगतायत. मालकांना वाटलं, संप होणार. घरी मामी, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्याही कुजबुजू लागल्या. दोन दिवस त्या घरातून एकही मोठा शब्द बाहेर आला नाही, तेव्हा शेजारच्या काकू डोक्यावर पदर घेऊन आल्या, ओटीवर टेकल्या आणि हळूच मामींचा हात धरून म्हणाल्या, "कधी झालं?"

"काय कधी झालं?" मामी कुजबुजल्या.

"हेच... मामांचं."

तेवढ्यात मामा आतून चहाची कपबशी घेऊन बाहेर आले. काकूंना दरदरून घाम फुटला.

दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला गेलो तर डॉक्टरांच्या कपाळाला आठी. गाठी होत्या तशाच, उलट सूज जास्त. "तुम्ही बोललात."

"आईशप्पथ, एक शब्द नाही," मामा कुजबुजले.

"मग हे आत्ता काय केलंत?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मीही कुजबुजण्याला बोलणं धरलं नव्हतं.

"दार किलकिलं ठेवायचं आणि त्या फटीतून कपाट ओढून बाहेर काढायचं, तसं आहे हे," डॉक्टर म्हणाले. "घसा आवळून धरताय तुम्ही. पहिल्यापासून सुरुवात करा. पुन्हा तीन आठवडे."

हिशेब मीच करून सांगितला. स्पर्धा दोन रविवारांची असते. पहिल्या रविवारी सुरुवातीचे सामने, दुसऱ्या रविवारी सेमीफायनल आणि फायनल. पहिला रविवार हातचा गेला होता. तीन आठवडे पुरे होऊन फायनल तेवढी मिळत होती, तीही डॉक्टर हो म्हणाले तर.

आता मामा खरंच गप्प झाले. ज्या हातवाऱ्यांना ते नावं ठेवत, ते त्यांना करावे लागले. पण त्यांचे हातवारे त्यांच्या वाक्यांसारखेच लांबलचक. मशीन थांबव एवढं सांगायला ते आधी मशीन दाखवत, मग तेलाचा डबा, मग घड्याळ, मग बहुधा ऑपरेटरच्या वडिलांचा स्वभाव. तोपर्यंत दहा झाकणं वाकडी निघत. मधल्या सुट्टीत माझ्यासमोर डबा घेऊन बसत आणि मान खाली घालून जेवत. मला जेवण जाईना.

डॉक्टरांनी त्यांना आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंकडेही पाठवलं होतं. बाईंनी सांगितलं, घोट घोट पाणी पीत राहा. खाकरावंसं वाटलं की आवंढा गिळा. चहा कमी करा. रात्री जेवल्यावर दोन तास आडवं व्हायचं नाही. आणि मग त्यांनी विचारलं, "हातात माईक असतो, तरी ओरडता कशासाठी?"

मामांना उत्तर द्यायची मनाई होती. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. प्रश्न माझ्या डोक्यात राहिला.

पहिल्या रविवारी गावच्या मैदानावर मंडपात आम्ही तिघं बसलो. मी, मामा आणि कॉमेंट्रीसाठी आणलेला विरारचा एक तरणाताठा माणूस. त्याचा आवाज खणखणीत होता, पण त्याला गाव ठाऊक नव्हतं. "आणि आता स्ट्राइकवर आहे जर्सी नंबर सात!" असं तो म्हणाला की मामा टेबलाखाली माझी मांडी चिमटीत धरत. जर्सी नंबर सात म्हणजे तलावाजवळच्या शिंपिणबाईंचा नातू होता. संध्याकाळपर्यंत माझी मांडी काळीनिळी झाली. मधल्या वेळात मी मैदानाला एक फेरी मारली, आणि बाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. दोन्ही स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून होते. मैदानात सगळीकडे शब्दन् शब्द ऐकू येत होता. येत नव्हता तो फक्त मंडपात. इतकी वर्षं मामांना स्वतःचा आवाज परत ऐकूच आला नव्हता. आपलं बोलणं पोचतंय की नाही, हे न कळल्यामुळे ते दर वेळी थोडं आणखी ओरडत होते.

शनिवारी डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. गाठी पुष्कळ बसल्या होत्या, गेल्या नव्हत्या. "बोला," ते म्हणाले, "पण टेबलापलीकडे बसलेल्या माणसाशी बोलता तसं. एक आरोळी ठोकलीत तर माझ्याकडे येताना ऑपरेशनच्या तयारीने या."

रविवारी सकाळी मी साऊंडवाल्याला गाठलं. "एक छोटा स्पीकर बॉक्स मंडपात लावा, मामांच्या बाजूला तोंड करून."

"साहेब, माईकसमोर लावला की शिट्टी मारतो तो."

"मग माईकच्या मागे लावा. आवाज कमी ठेवा."

तो मान हलवत कामाला लागला. दोनदा शिट्टी वाजली, आख्ख्या मैदानाने कानांवर हात ठेवले. तिसऱ्यांदा जमलं. मामांनी माईक हातात घेतला आणि घरात बोलावं तसं म्हणाले, "एक, दोन, तीन." आणि दचकून थांबले.

"हा कोण?"

"तुम्हीच."

"असा बोलतो मी?" त्यांनी पुन्हा एकदा एक-दोन-तीन म्हणून पाहिलं. "बरा आहे की."

सेमीफायनल नीट पार पडली. मामा बोलत होते, थांबत होते, पाण्याचा घोट घेत होते. फायनलला त्यांचंच गाव खेळत होतं आणि सामना शेवटच्या बॉलवर आला. चार रन हवे होते. स्ट्राइकवर मामांच्या शेजारघरचा मुलगा, काकूंचा नातू. सगळं मैदान उभं राहिलं. मामाही उभे राहिले. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या मला दिसल्या. छाती भरून श्वास आत गेला होता. तो बाहेर कसा येणार, हे मला इतक्या रविवारांवरून ठाऊक होतं. मी पेन खाली ठेवलं. त्यांचा हात धरावा की नाही, ते मला ठरवता येईना.

बॉल उंच उडाला.

"उंच गेलाय," मामा म्हणाले. टेबलापलीकडच्या माणसाला सांगावं तसं. "काकू, बघा, तुमच्या नातवाने मारलाय. उंच... अजून वरच आहे... खाली फिल्डर उभा आहे. हात पुढे केलेत त्याने." मग थोडं थांबले. "पकडला. आपण हरलो. पाहुणे चांगले खेळले, टाळ्या वाजवा. आणि जेवल्याशिवाय कोणी जायचं नाही."

मामा खाली बसले. बाटली उघडून पाण्याचा एक घोट घेतला. आवाज एकदाही चढला नव्हता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण जेवणाच्या रांगेत मी जे ऐकलं, ते मामांनीही ऐकलं. "मामांचा आवाज गेला रे." "वय झालं आता." त्यांच्या वयाचा एक गृहस्थ पाठीवर हात ठेवून म्हणाला, "असू दे मामा. इतकी वर्षं केलंत, पुष्कळ झालं." मामांनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "एकदा दाखवू का यांना? एकच आरोळी?"

"नको."

"नकोच," ते म्हणाले आणि त्या गृहस्थांच्या ताटात आणखी एक वडा वाढायला सांगितला.

पुढच्या मोसमात दोन-तीन गावांनी खणखणीत आवाजाचा दुसरा माणूस धरला. मामांना त्याचं वाईट वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. त्यांच्या गावाने मात्र त्यांनाच ठेवलं. नंतर मी ते युनिट सोडलं, भाईंदरला नोकरी लागली, आणि आमचे रविवार सुटले.

त्या फायनलच्या संध्याकाळी मी मामांना स्कूटरवरून घरी सोडायला गेलो होतो. पूर्वीही कैकदा गेलो होतो. तेव्हा मामा घरात शिरत, मामींना खुणेने 'जेवलोय' सांगत आणि भिंतीकडे तोंड करून झोपत. मामी मला नुसतं 'बसा' म्हणत. त्या दिवशी त्या माझ्यासाठी केळ्यांची फणी कागदात गुंडाळत होत्या, आणि मामा पाय धुऊन बोलत बोलतच त्यांच्याजवळ आले. गिरणीवाल्यांच्या धाकट्याचं काय झालं, शिंपिणबाईंचा नातू कसा धावबाद झाला. मामींचे हात फणीवरच थांबले.

"इतक्या वर्षांत मॅचचं मला गावातल्या बायकांकडून कळायचं," त्या मला म्हणाल्या. "घरी यायचे ते रिकामे होऊन."

मी ओटीवर येऊन चपला घालायला वाकलो. आत मामा शेवटच्या बॉलपर्यंत पोचले होते, आणि मैदानावर जे आवरलं ते सगळं आता सावकाश सांगत होते. बॉल किती उंच गेला, सूर्य कुठे होता, काकू खुर्चीवरून कशा उठल्या, फिल्डरच्या आजोळचं घर कुठल्या वळणावर. बॉल अजून वरच होता. मामा पाणी प्यायला थांबले असावेत, कारण मध्येच शांत झालं.

मग मामींचा आवाज आला.

"मग?"